मागं कोण होतं?

आमच्या घरात टीव्हीवर सिनेमा लागला की नातवंडं मला हाकलून लावतात. माझा गुन्हा असा, की हीरो डोळ्यांत पाणी आणून काहीतरी मोठं बोलत असतो आणि मी मध्येच म्हणते, "अरे, तो मागं चहाचा ट्रे घेऊन उभा आहे तो कोण? मघापासून उभाय बिचारा. त्याला ट्रे खाली ठेव असं कुणी म्हणेना." पोरं कपाळाला हात लावतात. "आजी, गोष्ट समोर चाललीय!" असेना का. समोरच्या गोष्टीला बघणारे पुष्कळ आहेत. मी मागं बघते.

ही खोड मला कात्रीआप्पांनी लावली. लावली आणि स्वतः निघून गेले.

सत्तर सालानंतर कोल्हापुरात आमची एक फिल्म सोसायटी होती. महिन्यातल्या दोन रविवारी, सकाळी नऊला, गावातलं एक जुनं टॉकीज आम्हाला मिळायचं. पुण्याहून रेल्वेनं फिल्मचे डबे यायचे. कधी बंगाली सिनेमा, कधी जपानी, कधी कुठल्यातरी बर्फाच्या देशातला. माझे यजमान मोठ्या हौसेनं सभासद झाले, दोन सिनेमे घोरले, आणि तिसऱ्या रविवारी कार्ड माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू जा बाई, तुला सोसतंय." मी भूगोल शिकवणारी. नकाशात पाहिलेले देश हलताना बघायला मिळतात म्हणून गेले, आणि जातच राहिले.

सकाळचं टॉकीज ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. बाहेर लख्ख ऊन, बाया भाजी घेऊन चाललेल्या, आणि दारातून दोन पावलं आत गेलं की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. सातशे खुर्च्या आणि माणसं तीस. आपल्या आसपास कुणीच नसायचं, आणि तरी मागच्या रांगेत कुणीतरी खुर्ची उघडून बसल्याचा आवाज यायचा. वर पत्र्यावर कबुतरं चालायची. पडद्यावरची माणसं गप्प झाली की त्यांच्या नखांची खरखर ऐकू यायची.

आप्पांचं खरं नाव दत्तोबा. राहायचे शिवाजी पेठेत, एकटेच. तरुणपणी इथल्याच एका सिनेमा कंपनीत कटिंग खात्यात होते. कंपनी बुडाली, मालक वारला, कात्री मात्र आप्पांच्या कोटाच्या खिशात राहिली, काळ्या गोफानं बटणाला बांधलेली. वय पंचावन्नच्या आतबाहेर, पण दिसायचे सत्तरीचे. आमच्या सोसायटीत त्यांचं काम एकच. आलेली फिल्म शोच्या आधी तपासायची. फिरकीवरून फिल्म सोडायची आणि डोळे मिटून दोन बोटांच्या मधून जाऊ द्यायची. कुठं जोड आहे, कुठं कडेचं भोक फाटलंय, सगळं त्यांना बोटाला कळायचं. एकदा मी विचारलं, "डोळे का मिटता आप्पा?" म्हणाले, "आधी बगितलं की मग खरं वाटंना हुतंय."

बोलणं असलं. अर्धं कळायचं, अर्ध्यासाठी तुम्ही घरी जाऊन डोकं खाजवायचं.

सिनेमा संपला की आवारातल्या चिंचेखाली चहा आणि चर्चा. आमच्यात प्राध्यापक होते, वकील होते, एक डॉक्टर होते. एकेकाचं तोंड सुटलं की आटपायचं नाही. पहिल्यांदा आप्पा मला लक्षात राहिले ते अशाच एका चर्चेत. त्या दिवशीच्या सिनेमात एक नामांकित डॉक्टर असतो, त्याच्या हातून चूक होऊन रोगी दगावतो, तो ती चूक लपवतो आणि शेवटी भर सभेत कबूल करतो. आमचे प्राध्यापक अपराध आणि प्रायश्चित्त यावर अर्धा तास बोलले. ते दमल्यावर कोपऱ्यातून आप्पांचा खर्जातला आवाज आला. "त्ये सगळं बरोबर हाय. पर मागं कोण हुतं?"

"कुठं मागं?"

"डॉक्टरच्या घराचं दार उघडणारी बाई. चारदा दार उघडलं तिनं. तीनदा गळ्यात साखळी हुती. चौथ्यांदा न्हवती. कुटं गेली साखळी? तिच्या घरात कोण आजारी हुतं? एवढा मोठा डॉक्टर, त्याच घरात राबती, आनि तिला इचारायचं धाडस झालं न्हाई."

मग प्राध्यापक म्हणाले, "आप्पा, हे दिग्दर्शकाच्याही मनात नसेल हो."

"नसंल," आप्पा म्हणाले. "म्हणून तर मी इचारालोय."

मी घरी गेले ती चिडूनच. तीन-तीन वेळा साखळी होती आणि मला दिसली नाही म्हणजे काय! सोमवारी वर्गात गेले, नद्या शिकवत होते, आणि सहज मागच्या बाकाकडे बघितलं. तिथं पार्वती म्हणून एक पोरगी बसायची. दोन वर्षं मी तिला मठ्ठ म्हणत होते. ती डोळे बारीक करून शेजारणीच्या वहीत बघून लिहीत होती. तिला फळाच दिसत नव्हता हो. दोन वर्षं! पुढं बसवली, चष्मा करवला, आणि पोरगी भराभर वाचायला लागली. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. पुढच्या रविवारी आप्पांना सांगितलं तर ते नुसते "हं" म्हणाले आणि फिल्म बोटांतून सोडत राहिले. पण डोळे मिटलेले होते, आणि मिटल्या पापण्यांतून पाणी येत होतं.

त्यांच्या तोंडी एक शब्द असायचा, एनजी. शूटिंगमध्ये जो शॉट बिघडला, तो 'नो गुड', म्हणजे एनजी, तो कापून टाकायचा. कटिंगवाल्यांचा शब्द. आप्पांचं सगळं त्यावर चालायचं. चहा पांचट झाला, एनजी. भाषण लांबलं, एनजी. वरणात मीठ नाही, एनजी. आमच्याही तोंडी तो शब्द बसला. एकदा चिंचेखाली एक वेडसर म्हातारी आली, चहा मागायला लागली. आमच्यातला एकजण हसत म्हणाला, "हा एनजी पीस कुठून आला?" आप्पांच्या हातातली कपबशी दगडावर फुटली. पडली नाही, त्यांनी टाकली. चेहरा पांढराफटक. "मानसाला एनजी म्हणायचं न्हाई," एवढंच बोलले. मग स्वतः उठून दुसरा चहा आणला आणि म्हातारीच्या पुढं दोन पायांवर बसून तिला पाजला.

आणखी एक. हा पेठेत वाढलेला माणूस, पण नदीच्या पाण्याजवळ जायचा नाही. आईचं दहाव्याचं सगळं त्यांनी पंचगंगेच्या घाटावर केलं, पण स्वतः उभे सगळ्यात वरच्या पायरीवर. भाऊबंद खाली बोलवून दमले. "हितनंच करतो" म्हणून तिथूनच हात जोडले.

आता शालनबद्दल सांगते. जुन्या टॉकीजात बायकांचं दार वेगळं असायचं आणि त्या दारावर बाईमाणूस असायचं. तशी ही शालन. पस्तिशी उलटलेली, हातात बॅटरी. दाराबाहेर एक अंधारी बोळ होती आणि बोळात तीन उतरत्या पायऱ्या. दिवसाही तिथं काही दिसायचं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या पायापुढं बॅटरीचा गोल पाडून ती म्हणायची, "पायरी हाय, जपून." दिवसातून शंभरदा. दुसरं फारसं बोलायची नाही.

गंमत म्हणजे ती स्टुलावर पडद्याकडं पाठ करून बसायची. सिनेमा तिच्या मागं चालायचा आणि उजेड आमच्या डोळ्यांवरून परतून तिच्या तोंडावर पडायचा. कधी तोंड उजळायचं, कधी एकदम नाहीसं व्हायचं. अंधारात एकटं तोंड तरंगतंय असं दिसायचं. मला पहिल्या पहिल्यांदा भीतीच वाटायची. एकदा धीर करून विचारलं, "अगं, तू नाही का बघत?"

"मला सिनेमाचं तोंड बगायचं न्हाई, बाई. पोटासाठनं बसतो हितं."

कारण पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. ती चार वर्षांची असताना तिची आई एका सिनेमा कंपनीच्या ट्रकातून शूटिंगला गेली, गर्दीतली बाई म्हणून, आणि परत आलीच नाही. पळाली म्हणाले. कुणाबरोबर, ते ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलं. आजीनं शालनला वाढवलं ते "पळालेलीची पोर" म्हणतच. आपल्याकडं असली गोष्ट मरत नाही. माणसं मरतात, गोष्ट तिथंच.

आप्पा शेवटच्या रांगेत, बायकांच्या बाजूच्या कोपऱ्यात बसायचे. तिथून शालनचं तोंड समोर दिसायचं. पण बाहेर पडताना लांबचा वळसा घालून पुरुषांच्या दारानं जायचे. शालनशी कधी एक शब्द बोलले नाहीत. मला वाटे, तिरसट माणूस आहे. नंतर कळलं, तिला ही नोकरी त्यांनीच लावून दिली होती.

कधी कधी सिनेमा संपला की आप्पा हळूच म्हणायचे, "आज आलत्या." मी कान टवकारले. म्हटलं, म्हातारा बेरकी आहे, कुणीतरी आहे वाटतं! एकदा मस्करी केली, "कोण आलत्या आप्पा? आम्हालाही दाखवा की." माझ्याकडं इतका वेळ बघत राहिले की मी ओशाळले. मग म्हणाले, "बगणार? या."

वर फिल्म तपासायच्या खोलीत नेलं. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन येत होतं. त्या दिवशीचा सिनेमा बर्फाच्या देशातला होता, युद्धाचा. त्यात पावासाठी बायकांची रांग लागते. आप्पांनी ती जागा बोटानं शोधली, डोळे मिटूनच, आणि खालून दिवा लावून माझ्या हातात भिंग दिलं. "डाव्या अंगाला. अगदी मागं."

मला दिसलं तेवढंच सांगते. वीसेक बायका, अंगात लांब कोट, डोक्याला रुमाल. सगळ्यात मागं एक बाई. तिच्या अंगात कोट नव्हता. एका अंगाला कंबर काढून उभी होती आणि कमरेवर काहीतरी गोल होतं. टोपली असेल, मूल असेल. पण बाकीच्यांच्या पायांखाली बर्फ होता आणि तिच्या पायांखाली काळं, ओलं. पुढच्या चित्रात ती तशीच. अकरा चित्रं. बाराव्यात रांग होती, ती नव्हती.

खोलीत नदीच्या गाळाचा वास आला. मी भिंग खाली ठेवलं. "टोपली आहे, आप्पा."

"असंल," म्हणाले आणि डबा बंद केला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. पण त्या दिवशी जिना उतरताना मी कठडा सोडला नाही, हेही खरं.

मग ते सगळं घडलं. शालनला एक मुलगी, सुमन. तिची सोयरीक वडणग्याच्या रामभाऊंच्या मुलाशी ठरली. दुधाचा धंदा, घरची चार म्हसरं, चांगली माणसं. सुपारी फुटायची तेवढी राहिली आणि रामभाऊंच्या कानावर कुणीतरी घातलं, की मुलीची आजी सिनेमावाल्यांबरोबर पळून गेलेली आहे. निरोप आला, "आमच्यात ह्ये चालत न्हाई." रविवारी मी आले तर शालन स्टुलावर होती, पण बॅटरी मांडीवर तशीच. "पायरी हाय" म्हणायचंही विसरलेली. आणि मी पहिल्यांदाच त्या पायऱ्यांवर अडखळून पडले. गुडघे फुटले. शालन धावली, "बाई, माजं ध्यानच न्हवतं," आणि मला उठवता उठवता स्वतःच बोळात बसून हमसाहमशी रडायला लागली. माझ्या गुडघ्याचं राहिलं, मी तिलाच जवळ घेतलं.

वर जाऊन आप्पांना सांगितलं. पडल्याचं ऐकूनच ते उभे राहिले. "पायरीवरनं? लागलं काय?" मग सोयरीक मोडल्याचं सांगितलं. त्यांच्या बोटांतून फिल्म सुटली आणि जमिनीवर नागिणीसारखी पसरत गेली. त्यांनी थांबवली नाही.

"बाई, तिची आई पळाली न्हाई," आप्पा म्हणाले. "माज्याकडं पुरावा हाय. चार हात फिल्म. डब्यात हाय, माज्या खाटंखाली."

माझं डोकंच फिरलं. "आणि इतकी वर्षं? इतकी वर्षं काय करत होता तुम्ही?"

"सिनेमा बगत हुतो."

"आप्पा!"

"खरं सांगालोय, बाई. ह्या सिनेमात शेवटाला मानसं खरं बोलत्यात. डॉक्टर बोलतोय, शिपाई बोलतोय, चोर बोलतोय. कसं बोलत्यात, आधी काय करत्यात, हात कुटं ठेवत्यात, त्ये बगत हुतो. शिकाय येतंय का म्हणून."

राग आला होता तो तिथंच विरला. असा सिनेमा बघणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. आम्ही सगळे तिथं काहीतरी उच्च बघायला यायचो. हा माणूस गळ्यात अडकलेलं खरं बाहेर कसं काढायचं ते शोधायला यायचा.

ठरलं असं, की पुढच्या खेळानंतर आप्पांनी ती फिल्म दाखवायची. सगळ्यांसमोर, शालनसमोर आणि रामभाऊंसमोर. रामभाऊंना आणायचं काम माझं. त्यांचा थोरला माझ्या हाताखाली शिकलेला. गेले वडणग्याला. म्हटलं, "रामभाऊ, रविवारी सिनेमाला यायचं." "मी कशाला बाई? मला म्हसरं हायत." "यायचं म्हणजे यायचं. तुमच्या पोराला भूगोलात पास केलाय मी." आले बिचारे, फेटा बांधून.

सिनेमा संपला. कुणाला उठू दिलं नाही. आप्पा पत्र्याचा चपटा डबा घेऊन पडद्यापुढच्या कट्ट्यावर आले. झाकणावर जुन्या शाईत दोन अक्षरं होती. एनजी. मला कपबशी आठवली.

गेली दहा-बारा वर्षं त्यांनी तो डबा उघडला नव्हता. भीतीनं. आता कात्रीच्या टोकानं झाकण उचकटलं आणि असा उग्र, आंबूस वास सुटला की पुढच्या रांगा नाकाला पदर लावून मागं सरल्या. आत फिल्म नव्हती. गुऱ्हाळातल्या काकवीसारखा तपकिरी लगदा होता. जुनी फिल्म अशीच सडते म्हणे, आपल्या आपण, बंद डब्यात. ऑपरेटर वरून ओरडला, "आप्पा, त्ये पेट घेतंय, भाईर न्या आदी!" कुणीतरी डबा उचलून आवारात नेऊन ठेवला. आप्पा रिकामे हात तसेच पुढं धरून उभे.

रामभाऊ उठले. "मग निघू काय आमी?"

मला राहवलं नाही. मी जोरात म्हणाले, "आप्पा, फिल्म गेली. तोंड हाय न्हवं तुमास्नी?" आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांत मी अशी बोलले असेन.

आप्पांनी मान वर केली. "लाईट सोड रं," ऑपरेटरला म्हणाले. फिल्म नाही आणि नुसता दिवा. अख्खा पडदा पांढराशुभ्र झाला. त्यात आप्पांची सावली उभी.

"कुरुंदवाडचा घाट," आप्पा म्हणाले. "श्रावण. पानी चढालेलं. सोळा बायका, पेठेतनं ट्रकात नेलेल्या, कमरंवर घागरी. मी न्हवतो तितं, मी हितं कटिंगला. माज्या म्होरं चार दिसांनी फिल्म आली. मालक म्हणालता, अजून दोन पायऱ्या खाली घ्या, पान्यात चांगलं दिसतंय. तिसरा टेक. हिरॉईन म्होरं गाणं म्हणत्याय. मागं, डाव्या अंगाला, पाचवी बाई." त्यांनी हात कमरेवर घेतला, घागर धरल्यासारखा, आणि कट्ट्याच्या कडेनं चालायला लागले. "अशी येती. हितं थांबती. मागं वळून बगती, कुनाला तरी. मग पाय टाकती. पायरी न्हाई."

पडद्यावरची सावली आप्पांची होती. टोपी होती, कोट होता. पण हात कमरेवर गेल्यावर तिथं जो गोल दिसला तो हाताचा नव्हता. मी एकटीनंच पाहिला असता तर बोलले नसते. माझ्या शेजारच्या वकिलांच्या बायकोनं माझा दंड इतका आवळला की दुसऱ्या दिवशी वळ होता.

"गाणं चालूच. कुणाचं ध्यान न्हाई. पान्यावर नुसती घागर. मी मालकाला म्हणालो, मालक, बाई बुडाली. मालक म्हणाला, कुटली बाई? मला दिसत न्हाई. तुला दिसती? मी बावीस वर्साचा हुतो. नोकरी नवी." कबुतरांची नखं वाजली. "मी म्हणालो, न्हाई जी. मालक म्हणाला, मग एनजी. काप. मी कापली. गावात बातमी आली, पाचवी बाई पळाली. मला ठावं हुतं. मी बोललो न्हाई. शालनबाई, तुमची आई पळाली न्हाई."

शालन दारात स्टुलावर होती, आमच्याकडं तोंड, पडद्याकडं पाठ. ती उठली. स्टूल उचललं, फिरवलं आणि पडद्याकडं तोंड करून बसली. त्या पडद्यावर काही नव्हतं. कोरा उजेड.

मग तिनं विचारलं, "लुगडं कुटल्या रंगाचं हुतं?"

इतक्या वर्षांत आप्पांनी ती बाई हजारदा पाहिली असेल. "फिल्म काळी-पांढरी, शालनबाई," ते म्हणाले. "मला ठावं न्हाई."

"हिरवं हुतं," शालन म्हणाली. "ट्रकात चढताना मी धरलतं. तिनं सोडवून घेतलं."

आम्ही सगळे रडत होतो, डॉक्टरसुद्धा. रामभाऊंनी फेटा सारखा केला, घसा खाकरला आणि मोठ्यानं म्हणाले, "मग पावणं, बस्ता कवा बांधायचा?"

लग्न झालं. आप्पांना आमंत्रण नव्हतं. शालन त्यांच्याशी बोललीच नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "माजी आजी तिला शिव्या देत मेली, बाई. मी बी दिल्या. ह्यो मानूस तवा कुटं हुता?" तिचं खरंच होतं.

त्यानंतर शालन सिनेमाकडं तोंड करून बसायला लागली आणि आप्पांनी चर्चेत तो प्रश्न विचारायचं सोडलं. मी एकदा हळूच विचारलं, "आलत्या का आज?" मान हलवली. "आता येत न्हाईत." सुटल्यासारखे नाही, हरवल्यासारखे म्हणाले. कोट अंगावर ढिला व्हायला लागला होता. त्या साली ज्येष्ठ सरता सरता आप्पा गेले.

त्याआधीचा एक रविवार. सिनेमा संपला, माणसं पांगली, मी चपला शोधत खुर्चीतच होते. आप्पा शेवटच्या रांगेतून उठले. पुरुषांचं दार लांब, त्यांना चालवत नव्हतं. दोनदा तिकडं बघितलं आणि मग खुर्च्यांना धरत धरत बायकांच्या दाराकडं निघाले. शालन स्टुलावर होती. दोघं समोरासमोर आले. आप्पांनी खाली मान घातली.

शालननं बॅटरी पेटवली. त्यांच्या पायांपुढं उजेडाचा गोल पाडला. "पायरी हाय, आप्पा. जपून."

आप्पा उतरले. एक, दोन, तीन. बोळातून त्यांची पावलं लांब गेली, बाहेरच्या उन्हात मिसळली.

शालननं बॅटरी विझवली नाही. गोल पुन्हा वरच्या पायरीवर आणून धरला आणि अगदी हळू, लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाली, "पायरी हाय. जपून."

मी अजून खुर्चीतच होते. आप्पांच्या मागं कुणी नव्हतं.